विश्वासाधारित मार्गनिवड, वायरलेस सेन्सर नेटवर्कमधील

शेजारच्या नोडचे वर्तन पाहून त्याला विश्वासमूल्य द्यायचे आणि पॅकेट कोणामार्फत पाठवायचे हे त्यावरून ठरवायचे, अशी ही पद्धत. केवळ कूटलेखन पुरेसे आहे, हा आक्षेप येथे टिकत नाही. सेन्सर नोड उघड्यावर असतात; एखादा पळवला गेला की त्यातील किल्लीही जाते. असा नोड पडताळणीत खरा ठरतो आणि तरीही पॅकेट गाळतो, किंवा बेस स्टेशनचा जवळचा मार्ग आपल्याकडूनच असल्याचे भासवून वाहतूक ओढून घेतो. कार्लोफ व वॅग्नर यांनी २००३ मध्ये अशा हल्ल्यांची पद्धतशीर मांडणी केली.

पद्धतीचा पाया म्हणजे निरीक्षण. स्टॅनफर्डच्या मार्टी व सहकाऱ्यांनी २००० मध्ये मोबाइल अ‍ॅड-हॉक नेटवर्कसाठी ‘वॉचडॉग’ मांडला : ‘अ’ने ‘ब’ला पॅकेट दिल्यावर त्याची प्रत राखायची आणि ‘ब’ ते पुढे ‘क’कडे पाठवतो का, हे ऐकायचे. उणिवाही त्यांनीच नोंदवल्या. ‘ब’ने प्रक्षेपणाची शक्ती नेमकी कमी केली, तर ‘अ’ला पॅकेट ऐकू येते, दूरच्या ‘क’ला मिळत नाही, ‘ब’ मात्र प्रामाणिक ठरतो. लहरींच्या टकरीमुळे ‘अ’लाच ऐकू आले नाही, तर निर्दोष नोडवर ठपका बसतो.

मूल्यमापनासाठी गणेरीवाल व श्रीवास्तव यांनी २००४ मध्ये बीटा वितरण वापरले. आठ पॅकेट पोचवली, दोन गाळली, तर दोन्ही गणनांत एक-एक मिळवून मूल्य ९/(९+३) = ९/१२, म्हणजे ०.७५; काहीच अनुभव नसल्यास ०.५. जुन्या नोंदींचे वजन घटवत नेल्यास अलीकडच्या वर्तनाला महत्त्व मिळते. मात्र आलटूनपालटून चांगले-वाईट वागणारा नोड याच सवलतीचा फायदा घेतो.

अधिक प्रगत सूत्राने हे दोष जातील, असे मानले जाते. परंतु जे ऐकलेच चुकीचे, ते कोणतेही सूत्र दुरुस्त करू शकत नाही. ‘क’कडून प्रमाणित पोच मागवणे हा अधिक भक्कम पुरावा. त्यासाठी जादा संदेश लागतात आणि बॅटरी खर्ची पडते, हा आक्षेप रास्त आहे. पण सतत ऐकण्यासाठी रेडिओ चालू ठेवणेही फुकट नसते. ‘ब’ व ‘क’ संगनमताने वागले, तर पोचही निरुपयोगी ठरते. म्हणून विश्वासमूल्य कूटलेखनाला पूरक मानावे आणि पद्धत निवडताना सूत्राआधी पुराव्याचा स्रोत तपासावा.

उपयोग : शेती, पर्यावरण व सीमाभागातील निगराणी.