शालेय मंत्रिमंडळ ते विद्यार्थी परिषद : विद्यार्थी-निवडणुकीतील प्रचाराचा प्रश्न
(नागपूर-वर्धा परिसर व बुटीबोरीच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

भारतीय लोकशाहीच्या इतिहासलेखनात प्रौढ मतदाराचा विचार विपुल प्रमाणात झाला आहे. त्या मानाने विद्यार्थी मतदार उपेक्षित राहिला. विद्यार्थी-निवडणुकांचा विचार झालाच तर तो बहुधा महाविद्यालयीन हिंसाचाराच्या अनुषंगाने झाला. शाळेतील निवडणूक ‘उपक्रम’ म्हणून दुर्लक्षिली गेली. वस्तुतः या दोन्ही निवडणुकांचा इतिहास एकत्र वाचला असता एक प्रश्न सातत्याने पुढे येतो. विद्यार्थ्याने विद्यार्थ्याकडे मत मागावे की नाही, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत लेखात १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेपासून महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या अंमलबजावणीपर्यंतच्या कालखंडात या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरांचा परामर्श घेतला आहे.

या विवेचनासाठी बुटीबोरी हे गाव सोयीचे आहे. नागपूरच्या दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटर अंतरावर, नागपूर-वर्धा मार्गावर ते वसलेले आहे. एका दिशेला १९२३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाचे शहर आणि दुसऱ्या दिशेला सेवाग्रामची नयी तालीम, अशा दोन शैक्षणिक परंपरांच्या मध्ये हे गाव येते. औद्योगिक वसाहतीमुळे कापूस-संत्र्याच्या या पट्ट्यात परप्रांतीय कामगारांची कुटुंबे स्थायिक झाली आणि पुढे ग्रामपंचायतीची नगरपरिषद झाली. अशा गावातील मोठ्या शाळेचा वर्ग हा एकाच गावातील, एकमेकांना जन्मापासून ओळखणाऱ्या मुलांचा वर्ग राहत नाही. ही बाब पुढील विवेचनात महत्त्वाची ठरते.

सेवाग्राम : प्रचाराविना निवडणूक

विद्यार्थी-स्वशासनाची कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभी जगभर चर्चिली जात होती. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील फ्रीव्हिल येथे १८९५ मध्ये ‘जॉर्ज ज्युनिअर रिपब्लिक’ ही मुलांचे स्वतःचे शासन असलेली संस्था सुरू झाली. जॉन ड्यूई यांचा लोकशाही आणि शिक्षण यांचा संबंध मांडणारा ग्रंथ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतात या विचाराला स्वतंत्र वळण मिळाले ते वर्धा येथे. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली तेथे शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या डॉ. झाकिर हुसेन समितीने आपल्या अहवालात उद्योगाधिष्ठित शिक्षणाबरोबरच नागरिकत्वाच्या आदर्शाचीही मांडणी केली. १९३८ मध्ये हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन झाला आणि ई. डब्ल्यू. आर्यनायकम् व आशादेवी आर्यनायकम् या दांपत्याने सेवाग्रामचे कार्य सांभाळले.

सेवाग्रामच्या शाळेत विद्यार्थ्यांची आमसभा भरत असे. सफाई, स्वयंपाक, आरोग्य इत्यादी कामांसाठी ही सभा मंत्री निवडत असे आणि मंत्र्यांना आपल्या कामाचा हिशेब सभेपुढे द्यावा लागे. येथे ‘मंत्री’ या शब्दाचा अर्थ अधिकारी असा नसून जबाबदारी उचलणारा असा होता. या पद्धतीत प्रचाराला फारसे स्थान नव्हते. याचे कारण केवळ नैतिक मानणे पुरेसे नाही. एकत्र राहणाऱ्या, एकत्र सूत कातणाऱ्या आणि एकाच पंगतीत जेवणाऱ्या लहान समूहात कोण कामाचा आणि कोण कामचुकार हे सर्वांस ठाऊक असते. ज्याचे काम रोज डोळ्यांपुढे आहे, त्याला स्वतःची ओळख करून द्यावी लागत नाही. म्हणजेच सेवाग्रामची प्रचारविरहित निवडणूक ही लहान, निवासी समूहाची निवडणूक होती.

१९८९ : एका वर्षातील विसंगती

स्वातंत्र्योत्तर काळात महाविद्यालयीन निवडणुका राजकीय पक्षांच्या विद्यार्थी संघटनांचे क्षेत्र बनल्या. महाराष्ट्रातील अनेक पुढाऱ्यांची जडणघडण या निवडणुकांत झाली, हे सर्वश्रुत आहे. तथापि पैसा, दहशत आणि बाह्य हस्तक्षेप हेही याच निवडणुकांचे अंग बनले.

या दृष्टीने १९८९ हे वर्ष लक्षणीय आहे. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीनुसार मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणले गेले आणि ही तरतूद मार्च १९८९ मध्ये अमलात आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने बालहक्क संहिता स्वीकारली. तिच्या बाराव्या अनुच्छेदाने बालकाला स्वतःशी संबंधित बाबींत मत व्यक्त करण्याचा हक्क दिला. भारताने ही संहिता १९९२ मध्ये मान्य केली. परंतु त्याच १९८९ मध्ये मुंबईत महाविद्यालयीन निवडणुकीच्या वादातून एका विद्यार्थी नेत्याची हत्या झाली. परिणामी, देश तरुणांना मताधिकार देत असतानाच महाराष्ट्रात महाविद्यालयीन निवडणुका बंद करण्याच्या विचाराने जोर धरला.

या विचाराचे कायदेशीर फलित म्हणजे महाराष्ट्र विद्यापीठ अधिनियम, १९९४ मधील कलम ४० होय. त्यानुसार महाविद्यालयाच्या विद्यार्थी परिषदेवर प्रत्येक वर्गातून मागील परीक्षेत गुणवत्ता दाखविणारा विद्यार्थी घेतला जाऊ लागला. क्रीडा, राष्ट्रीय सेवा योजना, राष्ट्रीय छात्रसेना व सांस्कृतिक कार्य या क्षेत्रांचे प्रतिनिधी आणि विद्यार्थिनींचे प्रतिनिधी प्राचार्यांकडून नामनिर्देशित होऊ लागले. निवडणूक उरली ती केवळ या सदस्यांनी आपल्यातून सचिव निवडण्यापुरती. सर्वसामान्य विद्यार्थ्याच्या हातातील मत अशा रीतीने गुणपत्रिकेकडे गेले. हिंसाचाराला आळा बसला, हे मान्य केले पाहिजे. परंतु गुणवत्ता हा अभ्यासाचा निकष आहे, प्रतिनिधित्वाचा नव्हे. प्रथम क्रमांकाच्या विद्यार्थ्याला वर्गाकडे कधी जावे लागले नाही आणि वर्गालाही त्याला जाब विचारण्याचा आधार राहिला नाही.

शाळेत टिकून राहिलेली निवडणूक

महाविद्यालयातून निवडणूक हद्दपार होत असताना महाराष्ट्रातील प्राथमिक व माध्यमिक शाळांत ती ‘शालेय मंत्रिमंडळ’ या नावाने चालू राहिली. विदर्भातील शाळा उन्हाळ्यामुळे उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्यानंतरच्या आठवड्यांत ही निवडणूक घेण्याचा प्रघात आहे. अर्ज, छाननी, माघार, चिन्हवाटप, प्रचार, मतदान, मतमोजणी आणि शपथविधी हे सर्व टप्पे त्यात असतात. पेन, पाटी, पतंग, फूल ही चिन्हे, बोटाला शाई, मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, परिपाठमंत्री, क्रीडामंत्री ही पदे. अलीकडे मोबाइलवरील मतदान यंत्राचाही वापर होतो. सेवाग्रामचा ‘मंत्री’ हा शब्द येथे टिकला; मात्र त्याचा आशय विधिमंडळाकडून आला, ही बाब नोंदविण्यासारखी आहे.

बुटीबोरीसारख्या औद्योगिक गावात अशा निवडणुकीतील प्रचाराचे मोल अधिक आहे. मोठ्या शाळेत इयत्तांच्या अनेक तुकड्या असतात. आसपासच्या खेड्यांतून एस.टी.ने येणारी मुले आणि वसाहतीत राहणारी हिंदी भाषक कामगारांची मुले एकाच मतदारयादीत येतात. येथे सेवाग्रामचा परस्परपरिचय गृहीत धरता येत नाही. प्रचार नसेल तर मत पडते ते आपल्या तुकडीला, आपल्या गावाला किंवा आपल्या भाषेला. दुसऱ्या तुकडीत जाऊन, तिथल्या मुलांना समजेल अशा भाषेत, पाण्याची टाकी किंवा मैदानाचा तास यांविषयी बोलणे उमेदवाराला भाग पडते तेव्हाच ही कुंपणे ओलांडली जातात. मोठ्या समूहात प्रचार हा परिचयाचा पर्याय असतो.

लिंगडोह समिती आणि २०१६ चा अधिनियम

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार नेमलेल्या जे. एम. लिंगडोह समितीने २००६ मध्ये अहवाल सादर केला आणि न्यायालयाने सप्टेंबर २००६ मध्ये त्यातील शिफारशी लागू केल्या. समितीने प्रचार नाकारला नाही; त्याला मर्यादा घातली. प्रति उमेदवार खर्चाची कमाल मर्यादा ५,००० रुपये ठरली. छापील भित्तिपत्रकांना बंदी व केवळ हस्तलिखित पत्रकांना परवानगी, ध्वनिक्षेपक व वाहनांच्या वापरास मनाई आणि अर्जापासून निकालापर्यंतची प्रक्रिया १० दिवसांत पूर्ण करणे, या तिच्या प्रमुख अटी होत. नामनिर्देशनाची पद्धत केवळ तात्पुरती असावी आणि ५ वर्षांत निवडणूक पद्धतीकडे वळावे, अशीही तिची अपेक्षा होती. बारकाईने पाहिल्यास, हाताने रंगविलेला फलक आणि तोंडी आवाहन हा समितीने सांगितलेला प्रचार शालेय मंत्रिमंडळाच्या निवडणुकीत साधनांच्या अभावी पूर्वीपासूनच रूढ होता.

महाराष्ट्रात खुल्या निवडणुकीची तरतूद झाली ती १ मार्च २०१७ पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मधील कलम ९९ अन्वये. अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी, राखीव प्रवर्गाचा प्रतिनिधी आणि वर्गप्रतिनिधी यांची निवड विद्यार्थ्यांच्या मतदानाने व्हावी, असे तीत अभिप्रेत आहे. २०१९ मध्ये निवडणुकीची तयारी झाली. परंतु त्या वर्षीच्या विधानसभा निवडणुकीच्या पार्श्वभूमीवर ती स्थगित झाली आणि २०२० मध्ये कोविड-१९ ने महाविद्यालयेच बंद केली. त्याच सुमारास सरपंचाची थेट निवड २०१७ मध्ये सुरू झाली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली. थेट मतदाराविषयीची राज्यव्यवस्थेची द्विधा वृत्ती केवळ विद्यार्थ्यांपुरती मर्यादित नाही, हे यावरून दिसते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, प्रचाराविना निवडणूक ही सेवाग्रामसारख्या लहान समूहात यशस्वी झाली. तिचे अनुकरण मोठ्या संस्थेत गुणानुक्रमाने करता येत नाही. दुसरी, १९९४ च्या व्यवस्थेने प्रचारातील दोषांबरोबर प्रचारातील उत्तरदायित्वही काढून टाकले. तिसरी, शाळा व महाविद्यालय यांच्या नागरिकत्व-शिक्षणात खंड पडला. बाराव्या वर्षी भाषण करून मत मागणारी मुलगी अठराव्या वर्षी नगरपरिषदेची मतदार होते. मात्र १९९४ नंतरच्या पिढ्यांना स्वतःच्या महाविद्यालयात ते मत मिळाले नाही.

हा खंड भरून काढण्याचे दायित्व अंतिमतः प्राध्यापकवर्गाकडे येते; कारण मतदारयादी, छाननी, आचारसंहिता आणि मतमोजणी त्यांच्याच हातून होणार आहे. शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक पार पाडणाऱ्या माध्यमिक शिक्षकांचा अनुभव त्यांना उपलब्ध आहे. उमेदवारांची प्रत्येक वर्गातील जाहीर सभा, प्रश्नोत्तरांचा तास, हस्तलिखित फलक आणि निवडून आल्यावर आमसभेपुढे कामाचा हिशेब, या चार गोष्टींना कोणत्याही अधिनियमाची प्रतीक्षा करावी लागत नाही. यांपैकी पहिल्या तीन मोठ्या शाळेने जपल्या आहेत आणि चौथी सेवाग्रामने शिकविली आहे. या दोन्ही परंपरा नागपूर-वर्धा मार्गावर एकमेकींपासून फार दूर नाहीत.