‘डोरेड’चे हेलकावे

शर्यतींच्या नोंदवहीत ‘डोरेड’ ही विजेती आहे. ५२ फूट लांबीची ही शिडाची नौका ऑलिन स्टीफन्सने ऐन विशीत रेखाटली. १९३० साली ती न्यूयॉर्कच्या सिटी आयलंडवर पाण्यात उतरली. १९३१ मध्ये न्यूपोर्टहून अटलांटिक ओलांडून ती १७ दिवसांत प्लिमथला पोहोचली, इतरांच्या दोन दिवस आधी. ऑलिनसोबत धाकटा भाऊ रॉड आणि वडीलही होते.

खलाशांच्या आठवणीत मात्र राहिले ते तिचे हेलकावे. रुंदी जेमतेम सव्वादहा फूट; वारा पाठीमागून आला की ती दोन्ही बाजूंना सारखीच कलंडे. मला ही कुरकुर विजयाइतकीच मोलाची वाटते. १९३४ च्या ‘स्टॉर्मी वेदर’ला ऑलिनने साडेबारा फूट रुंदी दिली. वायुनळीतून पाणी आत येऊ नये म्हणून रॉडने डेकवर पेटी बसवली. पाणी पेटीतूनच बाहेर निथळते, हवा तेवढी खाली उतरते. जगभरचे खलाशी तिला आजही ‘डोरेड’च म्हणतात.

कॅलिफोर्निया ते होनोलुलू ही शर्यत या नौकेने १९३६ मध्ये जिंकली, आणि डागडुजीनंतर २०१३ मध्ये पुन्हा. नौकेचा इतिहास लिहिणाऱ्याने निकालांसोबत खलाशांच्या तक्रारीही वाचाव्यात, असे म्हणूनच मला वाटते.