आठ घन आणि एक मनाईहुकूम

१८१४ ते १८१६ या काळात बर्लिनच्या विद्यापीठात क्रिश्चन सॅम्युएल वाइस या स्फटिकशास्त्रज्ञाच्या हाताखाली खनिजांच्या संग्रहाची देखभाल करण्याचे काम फ्रीड्रिख फ्रोबेल याजकडे होते. स्फटिक दिसावयास कितीही नटवा असला तरी त्याची घडण मोजक्या अक्षांवर व मोजक्या कोनांवर होते, आणि साध्या आकृतींतूनच नियमाने बिकट आकृती सिद्ध होत जातात, हे जे त्या कपाटांपुढे त्याने पाहिले ते पुढे त्याच्या मनातून कधीच गेले नाही. आधी वनविद्येची उमेदवारी, मग भूमापन, मग वास्तुकलेचा ध्यास आणि अखेरीस शिक्षकी, अशी ज्याच्या आयुष्याची वाट वेडीवाकडी, त्या गृहस्थाने पन्नाशी उलटल्यावर पोरासोरांसाठी लाकडी ठोकळे करवून घ्यावेत, याचे मर्म मला तरी त्या कपाटांत सापडते. चरित्रकार त्याच्या आईविना गेलेल्या बालपणाकडे बोट दाखवितात, आणि तेही खोटे नाही. परंतु आईवेगळी मुले जगात पुष्कळ असतात, आणि त्यांतली फार थोडी घनाकृतीच्या नादी लागतात.

१८३७ साली थुरिंगियातील ब्लांकेनबुर्ग या गावी त्याने या खेळण्यांचा कारखानावजा उद्योग आरंभिला, आणि २८ जून १८४० रोजी त्याच गावी ‘किंडरगार्टन’ म्हणजे मुलांच्या बागेची रीतसर स्थापना केली. खेळण्यांना त्याने ‘देणग्या’ म्हटले. पहिली देणगी लोकरीच्या सहा रंगीत चेंडूंची. दुसरी लाकडी गोल, दंडगोल आणि घन यांची. आणि तिसरी, जिच्यात साऱ्या पद्धतीचा जीव आहे, ती एका घनाचे आठ लहान घन करून भरलेल्या पेटीची.

ही पेटी उघडण्याचीसुद्धा एक रीत होती. पेटी टेबलावर उपडी ठेवावयाची, सरकते झाकण खालून हळूच ओढून घ्यावयाचे, आणि मग पेटी सरळ वर उचलावयाची, की चौकटी आखलेल्या टेबलावर दोन इंच बाजूचा अखंड घन मुलापुढे उभा राहतो. आठ तुकडे हाती येण्यापूर्वी एक पूर्ण वस्तू दृष्टीस पडावी, हा त्यातला हेतू. मग त्याच आठांतून जिना, बाक, कमान अशी जीवनरूपे, अर्धे-पाव अशी ज्ञानरूपे, आणि मध्याभोवती प्रमाणबद्ध फिरणारी सौंदर्यरूपे मांडावयाची. दंडक दोनच, पण कडक: एकही तुकडा वगळावयाचा नाही, आणि पहिली रचना मोडून न टाकता तिच्यातूनच पुढची काढावयाची. बाकाचा जिना होताना मुलाचा हात एकेक घन सरकवितो, आणि रूप कसे पालटत गेले ते त्याला आरंभापासून शेवटपर्यंत दिसत राहते. खेळ संपला की आठही पुन्हा पेटीत.

पुढे त्रिकोण-चौकोनांच्या पातळ लाकडी फरश्या आल्या. समद्विभुज काटकोन त्रिकोणाच्या दोन फरश्या कर्णाला कर्ण लावून जुळविल्या तर चौरस होतो. भुजेला भुजा लावली तर मोठा त्रिकोण होतो, आणि त्यांतली एक उलटून फिरविली की समांतरभुज चौकोन. तीन वर्षांच्या मुलास यांतले एकही नाव ठाऊक नसते, आणि नसावेच. नाव आधी शिकविले की बोटे आळशी होतात असा माझा अनुभव आहे. लहानपणी आमच्या शाळेत अशी एक पेटी होती. ती काचेच्या कपाटात कुलूपबंद राही आणि तपासणीचे साहेब आले म्हणजे टेबलावर येई. तिच्यातला एक ठोकळा हरवलेला होता, ही गोष्ट साहेबांना कधी कळली नाही, कारण पेटी उघडावयास त्यांनी कधी सांगितलेच नाही.

प्रशियाच्या सरकारदरबारी या ठोकळ्यांचा तपास निराळ्याच रीतीने झाला. ७ ऑगस्ट १८५१ रोजी शिक्षणमंत्री फॉन राउमर याच्या सहीने किंडरगार्टनांवर मनाईहुकूम सुटला, आणि त्यात त्या शाळा समाजवादी मताच्या व मुलांस नास्तिकतेकडे नेणाऱ्या असल्याचा ठपका होता. पुरावा म्हणून हाती होती ती फ्रोबेलचा पुतण्या कार्ल याची एक पुस्तिका. खुलासे गेले, अर्ज गेले, दप्तराने हुकूम फिरविला नाही. १८५२ च्या जूनमध्ये म्हातारा वारला. हुकूम उठला तो १८६० साली. श्वाइना गावी त्याच्या थडग्यावर दगडाचा घन, त्यावर दंडगोल आणि त्यावर गोल उभा आहे. दुसरी देणगी, दगडात मोठी केलेली.

बंदीमुळे उलट प्रसारच झाला. बॅरोनेस फॉन मारेनहोल्ट्झ-ब्यूलो हिने ही पद्धत परमुलखांत पोहोचविली. अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली या खेळण्यांच्या कारखानदाराने पेट्या बाजारात आणल्या, आणि १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात पाहून एका आईने आपल्या नऊ वर्षांच्या फ्रँक लॉइड राइट नावाच्या मुलासाठी त्या आणल्या, हे पुढे त्या वास्तुशिल्पीनेच अभिमानाने लिहून ठेविले. परंतु शिष्यांनी देणग्यांचा आकडा वाढवीत वाढवीत वीसपर्यंत नेला, क्रम पक्का केला, आणि ज्या खेळात रूपातून रूप निघावयाचे होते त्यात अख्खी रांग एका हुकमाने एकच आकृती मांडू लागली. राउमरच्या हुकमाने जे साधले नाही ते, माझ्या मते, या भक्तांनी बरेचसे साधले.

मारिया माँटेसोरीने रोममध्ये १९०७ साली उघडलेल्या बालगृहात प्रत्येक आकृतीला तिचा स्वतंत्र खाचा दिला. त्रिकोण चुकीच्या जागी बसतच नाही, म्हणजे चूक मुलाला वस्तूच सांगते. ही साधने भावनगरला गिजुभाई बधेकांकडे आली, आणि त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ साली समुद्रकाठच्या बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम मांडले तेव्हा किमतीचा प्रश्न पुढे ठाकला. घोटलेल्या लाकडाचे त्रिकोण खेड्यात आणावयाचे कोठून? त्यांनी व अनुताई वाघांनी शिंपले, खडे, बिया आणि पाने हाती घेतली. दोन पाने देठाला देठ लावून ठेवली तर एक आकार होतो, टोकाला टोक लावली तर दुसरा. एकही तुकडा उरू नये हा जुना दंडक मात्र तेथे आपोआप गळाला. अंगणात पाने पुष्कळ होती, आणि ती मोजून पेटीत परत ठेवावयाची नव्हती.