ग्रामजीवन, पेशवाईअखेरचे (बालशिक्षण)

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मराठी खेड्यात लोक रोज कसे जगत, हे मुलांना शिकवण्याचा विषय. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली. त्याआधी नाशिक भागाने लुटालूट आणि १८०३-०४ चा दुष्काळ सोसला होता. शाळेत या काळातल्या लढाया आणि तह पाठ होतात. चूल, मोट, खळे मात्र राहून जाते.

साधने चांगली आहेत. टॉमस कोट्स या इंग्रज डॉक्टरने पुण्याजवळच्या लोणी गावाचे तपशीलवार वर्णन लिहिले. ते १८२३ मध्ये छापले गेले. त्याच गावाची, म्हणजे लोणीकंदाची, गो. स. घुर्ये यांनी पुन्हा पाहणी केली (१९६०). त्रिं. ना. आत्रे यांचा ‘गावगाडा’ (१९१५) नंतरचा, पण बलुतेदारी त्यात जशी उलगडते तशी क्वचितच कुठे. कोल्हापूरजवळ कणेरी मठावर सिमेंटच्या शिल्पांतून जुने खेडे उभे केले आहे. मुलांना ते आवडते. तिथले गाव मात्र जरा जास्तच गुण्यागोविंदाने नांदते.

इंदिरानगर ही नाशिकमधली, वडाळा-पाथर्डीच्या बाजूला वाढलेली शहरी वसाहत. दूधवाल्याचे पैसे फोनवरून चुकते होताना पाहणाऱ्या इथल्या मुलाला वर्षभर काम करून मोबदला सुगीत घ्यायचा, हे चटकन पटत नाही. म्हणून सुरुवात खळ्यापासून करावी. वर्गात ज्वारीची रास घालावी. दोन शेरांची अधोली, चार शेरांची पायली, अशी मापे हाताळू द्यावीत. कुणी सुतार, कुणी लोहार, कुणी न्हावी, कुणी कुंभार होऊन आपले बलुते मागावे. आधी सरकारचा सारा बाजूला निघाला की उरलेल्या राशीकडे पाहून पोरे आपणच कुणब्याची बाजू घेऊन भांडू लागतात. महाराला वेशीबाहेर राहून गावकीची कामे करावी लागत, हेही याच खेळात सांगायचे. ते गाळले तर उरते ती नुसती जत्रा. कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ उजाडले.

त्या काळचे मूल शिकत असलेच तर पंतोजीकडे: धूळपाटीवर बोटाने अक्षरे, मग मोडी, पावकी-निमकीचे पाढे. मुलींना आणि अस्पृश्य मानलेल्यांच्या मुलांना तिथे जागा नव्हती. बाकीची पोरे गुरांमागे किंवा गोफण घेऊन माळ्यावर पाखरे राखायला.