खरखरीचा इतिहास

राजेरजवाड्यांचे इतिहास पुष्कळ लिहिले गेले. रेडिओच्या खरखरीचा इतिहास लिहायला मात्र कुणी पुढे आलं नाही. वास्तविक आमच्या गोंदियाकडच्या श्रोत्यांनी गाण्यांच्या बरोबरीने खरखरही ऐकलेली आहे. तेव्हा जमाखर्च लिहिण्यात उमेद घालवणाऱ्या एखाद्या बी. कॉम. कारकुनाने ही नोंदही करून ठेवायला हरकत नसावी.

आकाशवाणीचं नागपूर केंद्र सुरू झालं १९४८ च्या जुलैमध्ये. गोंदिया तिथून सुमारे १३० किलोमीटर. आगगाडीला दोन तासांच्या आसपास तरी लागतातच. मध्यम लहरींना मात्र सेकंदाचा दोन हजारावा भागही पुरतो. पण पाहुणा लवकर पोचला म्हणून धडधाकट पोचतो असं थोडंच आहे? वाटेत वीज कडाडते, शेजारचा पंखा गुरगुरतो, आणि ‘शेतकरी बंधूंनो’ एवढं झाल्यावर बंधूंनी काय करावं हे खरखरीत बुडून जातं.

पुढे १९५२ साली नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकरांच्या धोरणाने आकाशवाणीवरची चित्रपटगीतं गेली, आणि सारा देश सिलोनकडे कान लावून बसला. त्याच वर्षाच्या अखेरीस अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. सिलोनचं प्रक्षेपण लघुलहरींवर. या लहरी वातावरणातल्या विजेने भारलेल्या थरावर आपटून खाली येतात, आणि तो थर काही सरकारी नोकर नव्हे की एका जागी बसून राहील! तो वरखाली होई, तसा आवाजही. मुखडा बैठकीत ऐकावा आणि अंतऱ्याला गाणं शेतापलीकडे जावं, असा प्रकार. १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती आली, तोवर घरोघरी एकेक अनुभवी इंजिनिअर तयार झाला होता.

त्यांचे उपाय ठरलेले. भिंतीवर जाळीची एरियल, ओल्या कुंडीत पुरलेली अर्थिंगची तार, आणि शेवटी पेटीला एक सणसणीत थाप. थापेमागे शास्त्र फारसं नव्हतं. पण ट्रान्झिस्टर फिरवून बघण्यामागे होतं. आत एका काळ्या कांडीवर तार गुंडाळलेली असते. तिचं टोक केंद्राकडे असलं तर आवाज पडतो, ती आडवी असली तर खुलतो. नागपूर आपल्या पश्चिमेला. म्हणून कांडी दक्षिणोत्तर हवी. माणसाने दक्षिणोत्तर निजू नये म्हणतात, रेडिओने खुशाल निजावं.

या सगळ्यासाठी पोस्टात पैसे भरून दरसाल लायसन्स घ्यावं लागे. ते १९८५ साली बंद झालं. खरखर मात्र बिनलायसनची चालू राहिली.

आता रेडिओ मोबाईलमध्ये आला. ‘न्यूजऑनएअर’ अ‍ॅप उघडलं की नागपूरच काय, रत्नागिरीसुद्धा बोटाच्या टोकावर. खरखर नाही, गुरगुर नाही. बिघाड एकच: गाणं थांबतं आणि एक चक्र फिरू लागतं. असं का होतं ते बँकेच्या भाषेत सांगतो. आवाजाचे तुकडे होऊन येतात आणि फोन त्यांतले काही सेकंदांचे तुकडे आधी जमा करून ठेवतो. ही झाली कॅशियरची सकाळची शिल्लक. भरणा मंदावला आणि पैसे देणं चालूच राहिलं, की गल्ला रिकामा. मग खिडकी बंद!

इथे थाप मारून भागत नाही. ताळा जुळत नसला की फरक कुठल्या खात्यात आहे ते आधी शोधावं, तसंच हेही. दुसरं केंद्र लावून बघा. ते वाजलं तर बहुधा दोष पहिल्या केंद्राच्या बाजूचा. अ‍ॅप नवं करून घ्या आणि वाट बघा. एकही केंद्र वाजत नसेल, तर आपलं इंटरनेट तपासा. घरात दुसऱ्या खोलीत चिरंजीव क्रिकेट बघत असतील, तर सारा भरणा तिकडे गेला असं समजावं. पडदा काळा होताच गाणं बंद पडत असेल, तर फोनच्या बॅटरी वाचवण्याच्या नियमातून अ‍ॅपला सूट द्या. स्पीकर तुटक बोलत असेल, तर एकदा फोनवरच ऐकून बघा. आणि फोनवरच्या रेडिओच्या ठोक्यांवर घड्याळ मात्र लावू नका. ते तुकडे जमा होता होता ठोके अर्धा मिनिटसुद्धा मागे पडतात. सेकंदाच्या दोन हजाराव्या भागातून आपण इथवर प्रगती केली आहे.

हे सारं विनोदावारी नेलं, तरी एक नोंद लाल शाईने करावी लागेल. प्रक्षेपकाला दहाजण ऐकोत की दहा लाख, भार तेवढाच. इंटरनेटवर प्रत्येक श्रोत्यासाठी वेगळी धार सोडावी लागते, आणि ती घरापर्यंत यायला मधला टॉवर जिवंत हवा. पावसाळ्यात वैनगंगा चढलेली, सालेकसा-देवरीकडच्या जंगलातली वीज गेलेली, टॉवरची बॅटरी संपलेली, अशा रात्री पुराची सूचना त्या फिरत्या चक्रातच अडकणार. १९८८ मध्ये राष्ट्रीय प्रसारण सेवेसाठी नागपूरला १००० किलोवॅटचा प्रक्षेपक आला होता. २०१८ च्या अखेरीस ती सेवा बंद करण्याचा हुकूम निघाला. देशात इतर ठिकाणचेही मध्यम लहरींचे कित्येक प्रक्षेपक आजवर बंद झाले. वीजबिल आणि देखभाल पाहता हिशेब बरोबरही असेल. पण हिशेबात पुराच्या रात्रीचा रकाना असतो का, एवढं कुणीतरी बघायला हवं.

जुन्या रेडिओवर केंद्र दुबळं असलं तरी खरखरीतून चार शब्द तरी हाती लागत. म्हणून माळ्यावरचा ट्रान्झिस्टर भंगारात देण्याआधी एकदा लावून बघा. मध्यम लहरींवर काही बोललं, तर जपून ठेवा. सेल तेवढे काढून ठेवा; पडून राहिले की गळतात.