भिंत चालली, ओवी राहिली

आवडत्या विज्ञानकादंबरीवर चित्रपट येतोय अशी बातमी कळली की वाचक आधी खूश होतो आणि मग काळजीत पडतो. नायक कोण होणार? ते यंत्रमानव, ती यानं पडद्यावर हास्यास्पद तर दिसणार नाहीत ना? शेवट बदलतील का? या प्रश्नांच्या तळाशी एक शंका असते, ती सहसा कुणी बोलून दाखवत नाही. ज्या कल्पनेसाठी पुस्तक पुन्हा पुन्हा वाचलं, ती कल्पनाच गाळली तर? ही काळजी परदेशी चित्रपटांबरोबर इकडे आली असं वाटतं खरं. पण नगर जिल्ह्याचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा, इतिहास चाळला तर तिची पाळंमुळं प्रवरेच्या काठापर्यंत जातात.

प्रवरेकाठच्या नेवाशात एका दगडी खांबाशी बसून ज्ञानेश्वरांनी गीतेवरचं भाष्य सांगितलं आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतलं, असं परंपरा मानते. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. गीतेचे श्लोक सातशे, त्यांच्या ओव्या झाल्या सुमारे नऊ हजार. पुढची तीनशे वर्षं हा ग्रंथ हातोहाती नकलला गेला. नकलणाऱ्याच्या हातून शब्द बदलले, कुणी आपल्या पदरच्या ओव्याही घुसडल्या. शेवटी पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पोथ्या ताडून शुद्ध प्रत तयार केली आणि यापुढे यात कुणी स्वतःची ओवी घालू नये अशी तंबीही अखेरीस लिहून ठेवली. मूळ संहितेची एवढी कडक राखण करणारा चाहता मराठीत त्याआधी झाला असेल असं वाटत नाही. गंमत अशी, की हेच नाथ स्वतः भारुडं रचत होते, भागवत लोकांच्या बोलीत आणत होते. रूपांतराला त्यांचा विरोध नव्हता, दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपवण्याला होता.

१९४० साली पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने ‘संत ज्ञानेश्वर’ पडद्यावर आणला. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल, पटकथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळ्यांचं. चार वर्षांपूर्वीच्या ‘संत तुकाराम’ने या जोडीला अमाप यश दिलं होतं आणि व्हेनिसच्या महोत्सवातही त्याची दखल घेतली गेली होती. म्हणजे अपेक्षा मोठी होती आणि विषय त्याहून अवघड. तुकारामाच्या गोष्टीत संसार आहे, आवली आहे, भांडण आहे. ज्ञानेश्वरांचं खरं कर्तृत्व मात्र एका ग्रंथात आहे, आणि ग्रंथ म्हणजे विचार. नऊ हजार ओव्यांचं चित्रीकरण कोण करणार?

प्रभातने सोपी वाट धरली: ग्रंथाऐवजी ग्रंथकर्ता. वाळीत टाकलेली चार भावंडं, पैठणला वेद म्हणणारा रेडा, चांगदेवाला सामोरी गेलेली भिंत. चमत्कारांसाठी प्रभातचा ट्रिक-सीनचा विभाग हाताशी होताच, आणि या दृश्यांसाठी हा चित्रपट आजही ओळखला जातो. विज्ञानकथेच्या वाचकाने हा चित्रपट एकदा या नजरेने पाहावा. भिंत खरोखर चालते, आणि चालताना हसू येत नाही, हे १९४०च्या साधनांनी साधणं ही लहान गोष्ट नव्हे. यानं हास्यास्पद दिसतील या भीतीला प्रभातने तेव्हाच उत्तर दिलं होतं. अनुत्तरित राहिली ती दुसरी भीती. नेवाशात त्या खांबाशी नेमका काय विचार मांडला गेला, हे ज्याला ठाऊक नाही त्याला चित्रपट पाहून ते कळेल का? थोडंसं. भाविकाला तेवढं पुरतं, वाचकाला पुरत नाही.

यातले मोठेपणीचे ज्ञानेश्वर झाले शाहू मोडक, आणि ते नगरचेच. १९१८ साली नगरच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९३२च्या ‘श्यामसुंदर’मध्ये ते बाळकृष्ण झाले आणि पुढे आयुष्यभर इतक्या चित्रपटांत कृष्ण झाले की अनेक घरांत कृष्णाचा चेहरा म्हणजे मोडकांचा चेहरा असं समीकरण झालं. नायक कोण होणार, हा चाहत्याचा पहिला प्रश्न. ख्रिस्ती घरातला कृष्ण, ख्रिस्ती घरातलेच ज्ञानेश्वर, दिग्दर्शकांपैकी एक मुसलमान, आणि प्रेक्षक वारकरी. कागदावर हे गणित सुटणारं वाटत नाही, पण पडद्यावर सुटलं. चाहत्यांच्या सगळ्या काळज्यांत चेहऱ्याची काळजी सर्वांत कमी टिकते, असं म्हणायला हा पुरावा पुरेसा आहे. याच जिल्ह्यात शिर्डी आहे. तिथल्या साईबाबांची खरी छायाचित्रं उपलब्ध आहेत, तरीही १९७७च्या ‘शिर्डी के साईबाबा’नंतर कित्येकांच्या मनात सुधीर दळवींचा चेहरा बसला.

मोडकांच्या नावावर आणखी एक नोंद आहे. १९३३च्या ‘औट घटकेचा राजा’मध्ये त्यांनी दुहेरी भूमिका केली, भारतीय बोलपटातली ती पहिली मानली जाते. मार्क ट्वेनच्या राजपुत्र आणि भिकाऱ्याच्या कादंबरीवर बेतलेली ही गोष्ट. तेव्हाचं तंत्र साधं होतं: भिंगाचा अर्धा भाग झाकायचा, चित्रण करायचं, फिल्म मागे गुंडाळायची आणि उरलेला अर्धा भाग उघडून पुन्हा चित्रण करायचं. कॅमेरा तसूभर हलला की सगळं फुकट.

हे चित्रपट खेड्यात पोचले ते जत्रांमधल्या तंबूंतून. संतपट तिथे वर्षानुवर्षं चालत. तंबूत पडद्याच्या मागच्या बाजूलाही लोक बसत. कापड पातळ, चित्र आरपार दिसे, फक्त उलटं. मागे बसलेल्याच्या दृष्टीने पडद्यावरचा प्रत्येक माणूस डावखुरा, आणि पाटीवरची अक्षरं आरशातली.

पडद्यामागच्या या प्रेक्षकाला जयंत नारळीकरांची ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही कथा फोड न करता समजली असती. गणपतीच्या मूर्तीची सोंड भलत्या बाजूला वळलेली, कसोटी सामन्यात उजव्या हाताचा गोलंदाज एकाएकी डाव्या हाताने चेंडू टाकतो, आणि या दोन्हींचा धागा मोबियसच्या पट्टीपर्यंत जातो: एक पीळ देऊन टोकं जोडलेली पट्टी, जिच्यावरून फेरी मारून आलं की डावं-उजवं पालटतं. चित्रपटवाल्याला यात खर्च शून्य, नुसती फिल्म उलटी लावायची. पण माणूस उलटा कसा झाला हे प्रेक्षकाला पटवायचं तर ती पट्टी त्याच्या हातात द्यावी लागेल, आणि तिथे दिग्दर्शकाचा धीर सुटतो. मग पट्टी जाते, शाप येतो, एखादा बाबा येतो.

नारळीकरांची सुरुवातच मुळी वाचकाला फसवून झाली. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला १९७४ साली त्यांनी ‘कृष्णविवर’ पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. आद्याक्षरं स्वतःचीच, उलट क्रमाने. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहवून घेतली, आणि पहिलं बक्षीस मिळालं. मराठीत विज्ञानकथा त्याआधी नव्हती असं नाही. ज्यूल व्हर्नची चंद्राची सफर १९००च्या सुमारास ‘केरळ कोकिळ’ मासिकातून मराठीत आली होती आणि पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न घराघरांत नेला. पण कथेचा सगळा भार एका वैज्ञानिक कल्पनेवर टाकायचा आणि बाकी माणसं, घरं, बोलणं आपल्याकडचं ठेवायचं, ही रीत नारळीकरांनी रुळवली.

‘धूमकेतू’ हे याचं उत्तम उदाहरण. हौशी आकाशनिरीक्षक दत्तदा धूमकेतू शोधतात, तो पृथ्वीवर आदळणार असं गणित सांगतं आणि अण्वस्त्रांचा स्फोट करून त्याची वाट बदलली जाते. इकडे घरात संकट टळावं म्हणून यज्ञ होतो आणि दत्तदांच्या पत्नीची खात्री पटते की यज्ञानेच टळलं. कथेचं मर्म त्या घरात आहे, आकाशातल्या स्फोटात नाही. चिल्ड्रन्स फिल्म सोसायटीने या कथेवर हिंदी चित्रपटही काढला. नगर जिल्ह्यात हे मर्म जरा जास्त झोंबतं, कारण ज्ञानेश्वरी सांगितली गेली तो नेवासे तालुका शनिशिंगणापूरचाही आहे. तिथे चोराला शनी बघून घेईल म्हणून घरांना दारं न लावण्याची प्रथा.

चाहत्याच्या बाजूने लेखकच उभे राहिले तर काय होतं, याचेही दाखले आहेत. एच. जी. वेल्सने १९२७ साली फ्रिट्झ लांगच्या ‘मेट्रोपोलिस’ची जाहीर धुलाई केली. नऊ वर्षांनी, आपला ‘संत तुकाराम’ आला त्याच १९३६ साली, ‘थिंग्ज टू कम’ आला. त्याची पटकथा स्वतः वेल्सची. आता तरी विचार गळायला नको होता, आणि तो गळलाही नाही. पात्रं थांबून थांबून भाषणं करतात, नेपथ्य डोळ्यांत भरतं आणि माणसं लक्षात राहत नाहीत. स्तानिस्लाव्ह लेमची तक्रार नेमकी उलटी होती. तार्कोव्हस्कीने १९७२मध्ये त्याच्या ‘सोलारिस’वर चित्रपट केला, जग त्याला अभिजात म्हणतं. लेमचं म्हणणं होतं की दिग्दर्शकाने आपली कादंबरी केलीच नाही, दस्तयेवस्कीची केली. परग्रहावरच्या अनाकलनीय समुद्राबद्दलचं पुस्तक अपराधभावाबद्दलचा चित्रपट झालं होतं. दोघांत उजवा चित्रपट निःसंशय तार्कोव्हस्कीचा. तरीही लेम चुकला असं म्हणवत नाही.

विचारप्रधान पुस्तक पडद्यावर नेण्याचा एक प्रयोग नगरशी थेट जोडलेला आहे. ऑगस्ट १९४२मध्ये अटक झालेले जवाहरलाल नेहरू मार्च १९४५पर्यंत नगरच्या भुईकोट किल्ल्यात होते आणि तिथेच १९४४च्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये त्यांनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं. यात कथानक नाही, नायक नाही, आहे ते पाच हजार वर्षांवरचं चिंतन. श्याम बेनेगलांनी १९८८ साली दूरदर्शनवर त्याचे त्रेपन्न भाग केले, ‘भारत एक खोज’. नेहरूंच्या वेषातले रोशन सेठ पडद्यावर येऊन बोलतात, मग नाट्यप्रसंग, मग पुन्हा बोलणं. कुणाला ते संथ वाटलं, पण पुस्तकाचा विचार करण्याचा ढंग शाबूत राहिला. वेल्सला जे दोन तासांत जमलं नाही ते बेनेगलांना जमलं, कारण त्यांच्याकडे वेळ होता आणि तिकीटबारीचा धाक नव्हता. या मालिकेत महात्मा फुले झाले सदाशिव अमरापूरकर, तेही नगरचे. सावित्रीबाईंनी अध्यापनाचं शिक्षण घेतलं ते नगरला मिस फरारांच्या शाळेत, म्हणून ही निवड आणखी शोभली.

मराठी वाचकाची अलीकडची मोठी परीक्षा झाली २०१७ साली. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे ‘फास्टर फेणे’ या चित्रपटात शाळकरी राहिला नाही. अमेय वाघचा फेणे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात येतो आणि एका मृत्यूच्या मागे लागतो. वाढलेलं वय पाहून कपाळाला आठ्या पडणं साहजिक होतं. पण दिग्दर्शक आदित्य सरपोतदारांनी दिलीप प्रभावळकरांना भागवत म्हणूनच गोष्टीत आणलं. लेखक पात्राला भेटतो. ही कल्पना पुस्तकात नाही, तरी ती पुस्तकाच्या जातीची आहे. नाथांच्या तंबीतून ती सुटली असती असं वाटतं, कारण इथे घातलेली ओवी उघड उघड नवी आहे.

आणि उरते नारळीकरांचीच कथा ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. तिचं इंग्रजी रूप ‘द ॲडव्हेंचर’ एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात आहे, त्यामुळे देशभरातल्या मुलांना ती ठाऊक आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अशा जगात जाऊन पडतात जिथे मराठे पानिपतावर जिंकले. विश्वासरावांना गोळी चाटून गेली, लागली नाही. परततात तेव्हा त्यांच्या खिशात बखरीचं एक फाटकं पान असतं. या कथेत नगरला हक्काची जागा मिळू शकेल. १७५९मध्ये निजामाचा किल्लेदार कवी जंग याने लाच घेऊन नगरचा किल्ला पेशव्यांना दिला. त्यावरून निजामाशी बिनसलं, १७६०च्या सुरुवातीला उदगीरला सदाशिवरावभाऊंनी त्याला हरवलं, आणि त्या विजयाच्या भरात भाऊंना उत्तरेकडे धाडण्याचा निर्णय झाला. कवी जंग विकला गेला नसता तर? पटकथाकाराला एवढं बोट पुरे.

रणांगणाची चिंता आता उरलेली नाही. घोडे, तोफा, लाखाची फौज संगणकावर उभी राहते, २०१९च्या ‘पानिपत’मध्ये ती राहिलीही. अवघड आहे तो शेवटचा प्रसंग. राजेंद्र देशपांडे नावाचा शास्त्रज्ञ फाटकं पान समोर ठेवून गंगाधरपंतांना पुंजभौतिकी समजावतो: इलेक्ट्रॉन कुठे सापडेल हे जसं आधी सांगता येत नाही, तशा घटनांच्याही अनेक शक्यता असतात, त्यातली एक आपण जगतो. दोन माणसं, एक खोली, दहा मिनिटांचं बोलणं. निर्मात्याच्या कात्रीखाली आधी हाच प्रसंग जाईल, आणि नारळीकरांचा वाचक तिकीट काढून पाहायला येईल तो हाच.