मोसमी वारा आणि इतिहास

इतिहास म्हटला कीं, आपल्या डोळ्यांपुढें राजे, लढाया आणि तहनामे उभे राहतात. ज्या वाऱ्यानें गलबतें हांकलीं आणि शेतें भिजविलीं, त्याचें नांव कोणत्याही वंशावळींत नसतें. परंतु हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्याचा इतिहास ज्यास नीट समजून घ्यावयाचा असेल, त्यानें प्रथम वाऱ्याकडे पाहावें, असें आम्हांस वाटतें.

उन्हाळ्यांत आशियाची भूमि समुद्रापेक्षां लवकर तापते. तिच्यावरील हवा हलकी होऊन वर जाते, व नैर्ऋत्येकडून बाष्पानें भरलेली हवा तिची जागा घेण्यास धांवते. हिवाळ्यांत भूमि लवकर निवते आणि वारा उलटून ईशान्येकडून वाहूं लागतो. १६८६ सालीं एडमंड हॅली यानें या वाऱ्यांचा नकाशा प्रसिद्ध करून त्यांचें मूळ सूर्याच्या उष्णतेंत शोधलें. ‘मोसमी’ हा शब्दही ऋतुवाचक अरबी ‘मौसिम’ शब्दावरूनच आला आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत भडोच, सोपारा व कल्याण या बंदरांचा उल्लेख आहे. इजिप्तहून इकडे येणारीं गलबतें जुलैच्या सुमारास निघत, असें तो सांगतो. भर समुद्रांतून येण्याच्या मार्गाचें श्रेय तो हिप्पालस नांवाच्या खलाशास देतो. परंतु अरब व हिंदी नावाड्यांस हे वारे त्यापूर्वींच ठाऊक असले पाहिजेत, असें पुष्कळ विद्वान् मानतात. वारा फिरेपर्यंत व्यापाऱ्यास परक्या बंदरांत महिनेच्या महिने राहावें लागे. या सक्तीच्या मुक्कामांतूनच वखारी उठल्या, सोयरिकी जुळल्या, आणि भाषा व धर्म किनाऱ्याकिनाऱ्यानें पसरले.

वाऱ्याची अवज्ञा केल्यास काय होतें, हें वास्को द गामाच्या सफरींत दिसतें. २४ एप्रिल १४९८ रोजीं जाणता वाटाड्या बरोबर घेऊन त्यानें मालिंदी सोडली, आणि सव्वीस दिवसांत तो कालिकतपुढें येऊन ठेपला. परततांना मात्र ईशान्य वारा स्थिर होण्यापूर्वींच, ऑक्टोबरच्या आरंभीं, त्यानें अंजदीव बेट सोडलें. समुद्र ओलांडण्यास जवळ जवळ तीन महिने लागले. हिरड्या सुजून सुमारें तीस माणसें दगावलीं; जहाज चालविण्यास माणसें उरलीं नाहींत, म्हणून एक जहाज जाळून टाकावें लागलें. कप्तान तोच, तोफा त्याच. बदलला होता तो वारा.

पुढें आगबोटी आल्या आणि खलाशी वाऱ्याच्या ताब्यांतून सुटला. शेतकरी मात्र सुटला नाहीं. १८७६ सालीं दख्खनवर पाऊस रुसला व १८७८ पर्यंतच्या दुष्काळांत लाखों माणसें मेलीं. येथें दोष एकट्या वाऱ्याचा नव्हे. त्याच काळांत देशांतून धान्य परदेशीं जात होतें, आणि मदतकामांवरील मजुरी सरकारनें कमी केली होती. पाऊस वाऱ्यानें अडविला. अन्न माणसांनीं अडविलें.

१८७५ सालीं हिंदुस्थानांत हवामान खातें स्थापन झालें. १९०४ सालीं त्याचे प्रमुख म्हणून आलेले गिल्बर्ट वॉकर यांस पावसाचा अंदाज शोधतां शोधतां असें आढळलें कीं, पॅसिफिक व हिंदी महासागरांवरील वायुभार तराजूच्या पारड्यांप्रमाणें खालींवर होतो. म्हणजे आमच्या कुणब्याच्या शेताचें भवितव्य दूरच्या सागरांशीं बांधलेलें आहे.

वाऱ्यावर आमची सत्ता चालत नाहीं. धान्याच्या कोठारांवर चालते. म्हणून पाऊस हुकल्यास इतिहास वाऱ्यास जाब विचारणार नाहीं. तो आम्हांसच विचारील.